लांबच्या सायकलप्रवासातला एक दिवस : अनोळखी माणसांसाठी वेळ राखून ठेवताना

लांबच्या सायकलप्रवासाला निघायचं ठरलं की सायकल, बॅगा, तंबू आणि नकाशा यांवर आपण महिनोन्महिने खल करतो. वाटेत भेटणाऱ्या माणसांचा विचार मात्र ‘भेटतील तेव्हा बघू’ एवढ्यावर सोडून देतो. माणसांची भेट पूर्णपणे नशिबावर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. सामानाने भरलेली सायकल दिसली की लोक आपणहून थांबतात, चौकशी करतात, घरी बोलावतात. त्या बोलावण्याला हो म्हणता येईल इतका सैल दिवस आपण आखलेला असला पाहिजे. अंधार पडायच्या आत अजून चाळीस किलोमीटर कापायचे असतील, तर कुणाच्या अंगणात अर्धा तास टेकणंही जमत नाही.

सायकलने जगप्रवास करणाऱ्यांचं अनोळखी माणसांवाचून कधीच भागलेलं नाही. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स मोठ्या चाकाच्या उंच सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोहोचला. सामान म्हणून त्याच्याकडे मोजे, एक जादा सदरा, एक रिव्हॉल्व्हर आणि तंबू-अंथरूण म्हणूनही चालेल असा एक रेनकोट, एवढंच होतं. इतक्या सामानावर पृथ्वी ओलांडायची तर वाटेतल्या घरांची दारं उघडावीच लागतात. आज आपल्याकडे सामान भरपूर आहे, पण दारं उघडण्याचं कसब तेच आहे आणि ते शिकता येतं. आदल्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळच्या निरोपापर्यंत एक दिवस कसा काढायचा, ते पुढे क्रमाने सांगते.

आदल्या रात्री

नकाशा उघडा आणि उद्याचं अंतर ठरवा. पंधरा ते पंचवीस किलो सामान असलेल्या सायकलवर सपाट, पक्क्या रस्त्याने ताशी १५ ते १८ किलोमीटरची सरासरी पुष्कळ झाली. प्रत्यक्ष पेडल मारण्याचे पाच तास धरले तर ७५ ते ९० किलोमीटर होतात. चढाचा हिशेब वेगळा करा. सामानासह चढताना साधारण तब्येतीचा माणूस तासाला ३०० ते ४०० मीटर उंची गाठतो. म्हणजे दिवसात एकूण हजार मीटर चढाई असेल तर तीनेक तास नुसते चढातच जातात, मग नकाशावर अंतर कितीही कमी दिसो.

वाऱ्याचा अंदाजही पाहून ठेवा. ताशी १५ किलोमीटरने जाताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगावर येणाऱ्या हवेचा वेग ३५ होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो शांत हवेच्या मानाने पाचपटीहून अधिक होतो. असा वारा असेल तेव्हा अंतर सरळ निम्मं करावं, असं माझं मत आहे. जिद्दीने रेटलं तर संध्याकाळी माणूस इतका थकलेला असतो की समोरच्याशी चार शब्द गोडीने बोलायचंही त्राण उरत नाही.

या सगळ्या हिशेबानंतर जो वेळ येईल त्यात दोन तास असे ठेवा, ज्यांत काहीच ठरवलेलं नाही. पंक्चर झालं तर ते तास तिथे खर्च होतील, नाही झालं तर माणसांसाठी राहतील. मुक्कामाची ठिकाणं मात्र दोन शोधा, एक जवळचं आणि एक लांबचं. जवळच्या ठिकाणी दुपारी तीनपर्यंत पोहोचता आलं पाहिजे. दुपारी कुणी थांबवून घेतलं तर जवळच्यावर समाधान मानायचं आणि कुणी नाहीच भेटलं तर पुढे जायचं. आगाऊ पैसे भरून खोली राखून ठेवली की हा पर्याय संपतो. म्हणून परतीचं विमान किंवा व्हिसाची शेवटची तारीख असल्याशिवाय रोजच्या रोज खोली राखून ठेवू नये.

आधी कळवून कुणाच्या घरी राहायचं असेल तर त्याचीही तयारी हीच. सायकलप्रवाशांना घरी उतरवून घेणाऱ्यांचं ‘वॉर्मशॉवर्स’ हे जाळं १९९३ पासून चालू आहे. आज आपण कुणाकडे उतरायचं, उद्या आपल्या घरी कुणाला उतरवून घ्यायचं, असा त्यातला रिवाज आहे. लॅटिन अमेरिकेत ‘कासा दे सिक्लिस्तास’ म्हणजे सायकलवाल्यांसाठी दार उघडं ठेवणारी घरं आहेत. पेरूमधल्या त्रुहियो शहरातलं घर त्यांत फार नावाजलेलं आहे. यजमानाला दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत आधी संदेश पाठवा. त्यात किती माणसं, कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता आणि किती रात्री, एवढं स्पष्ट लिहा. त्यांनी स्वतःच्या माहितीत काही लिहिलेलं असतं: घरात मांजर आहे, रात्री दहानंतर आवाज नको, तंबू बागेत लावावा लागेल. ते वाचून, त्याला धरून एखादं वाक्य लिहा. दहा जणांना एकच मजकूर पाठवलेला वाचणाऱ्याला लगेच कळतो. आणि बेत बदलला तर त्याच दिवशी कळवा. कुणीतरी आपल्यासाठी जास्तीचा स्वयंपाक करून वाट पाहत असतं.

सकाळी

लवकर निघा. जमिनीवर वारा बहुधा सकाळी मंद असतो आणि ऊन चढेल तसा वाढतो. सकाळी कापलेले किलोमीटर स्वस्तात पडतात आणि दुपार मोकळी होते.

निघण्याआधी पाच मिनिटं सायकलला द्या. टायर दाबून पाहा. ४० ते ५० मिलिमीटर रुंदीच्या, सामान वाहणाऱ्या टायरला साधारण ३ ते ४ बार, म्हणजे ४५ ते ६० पीएसआय हवा पुरते. मागे वजन जास्त म्हणून मागच्या चाकात थोडी अधिक ठेवा. दोन्ही ब्रेक आवळून पाहा. चाक उचलून फिरवा, कुठे घासतंय का ते ऐका. कॅरिअरचे बोल्ट हाताने चाचपा, कारण हादऱ्यांनी ते हळूहळू सैल होतात आणि एक बोल्ट गळला तर सगळी बॅग चाकात जाऊ शकते. सुटे बोल्ट, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार आणि चेन जोडायची कडी बॅगेत अगदी वर ठेवा.

खाणं-पिणंही आत्ताच हाताशी घ्या. दोन तासांहून जास्त चालणाऱ्या मेहनतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मोठ्या केळ्यात ती तीसेक ग्रॅम असतात. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. पण नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं असतं, घामाने गेलेलं मीठही भरून काढावं लागतं.

आणि एक गोष्ट, जिची आठवण फार कमी जण ठेवतात: त्या प्रदेशाच्या भाषेतले दहा-बारा शब्द हँडलबारवरच्या पिशवीत लिहून ठेवा. नमस्कार, धन्यवाद, पाणी, सायकल, तंबू, आज रात्री, उद्या सकाळी, एकटी किंवा दोघं, छान आहे, नको. सोबत एक छोटं पत्र तिथल्या भाषेत, भाषा येणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेलं असू द्या: मी कोण, कुठून कुठे चाललेय, आज रात्री तंबू लावायला जागा शोधतेय. फोनवरचं भाषांतर कामाला येतं, पण ते फोनमध्ये बघत बोलणं होतं. कागद मात्र समोरचा हातात घेतो, वाचतो, घरातल्या दुसऱ्याला दाखवतो, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला त्यांचे चेहरे नीट पाहता येतात.

वाटेवर

माणसं भेटायला कुठे थांबता हे फार महत्त्वाचं आहे. हमरस्त्यावरच्या मोठ्या थांब्यावर सगळेच घाईत असतात. त्याऐवजी पाणी, सावली आणि बसायला जागा या तिन्ही गोष्टी जिथे आहेत अशी लहान जागा निवडा. सायकल लोकांना दिसेल अशी टेकवून ठेवा, हेल्मेट आणि गॉगल काढा. डोळे दिसले की माणूस जवळ येतो. कानात गाणी लावून बसलेल्याजवळ कुणी येत नाही.

प्रश्न ठरलेले असतात. कुठून आलात, कुठे चाललात, किती दिवस झाले, भीती नाही वाटत? हेच प्रश्न दिवसातून दहादा ऐकून कंटाळा येतो हे खरं. पण विचारणारा ते पहिल्यांदाच विचारत असतो, म्हणून प्रत्येकाला पहिल्यासारखंच उत्तर द्यावं. ‘एकटेच का?’ आणि ‘आज कुठे राहणार?’ या दोन प्रश्नांना मात्र पूर्ण उत्तर द्यायची गरज नाही. ‘पुढे ओळखीचे आहेत, ते वाट बघतायत’ एवढं सांगून विषय बदलता येतो.

कागदी नकाशा बाळगा, असं मी आग्रहाने सांगेन. वाट शोधायला फोन पुरतो, पण कागदी नकाशा पसरला की भोवती चार डोकी गोळा होतात आणि कुणीतरी बोट ठेवून ‘इथे माझं गाव’ असं सांगतं. असल्या गप्पांत जी माहिती मिळते ती नकाशात छापलेली नसते.

माहिती विचारायची पद्धत मात्र शिकून घ्यावी लागते. ‘हा रस्ता तिकडे जातो ना?’ असं विचारलं तर समोरचा सौजन्याने मान डोलावतो. ‘तिकडे जायचा रस्ता कुठला?’ असं विचारलं की त्याला खरोखर सांगावं लागतं. मोटारीने जाणाऱ्याला चढ जाणवत नाही, त्यामुळे ‘पुढे सपाट आहे’ या सांगण्यावर विसंबू नये. मोटारवाल्याला रस्ता पक्का आहे का, ट्रकची वर्दळ किती, पूल चालू आहे का, हे विचारावं. पायी किंवा साध्या सायकलवरून जाणाऱ्याला चढाबद्दल आणि पाण्याबद्दल विचारावं. महत्त्वाची बाब असेल तर दोन वेगळ्या माणसांना विचारून पडताळावी.

सगळ्यांत पक्की खबर असते ती समोरून येणाऱ्या सायकलवाल्याकडे. तो जिथून आला तिथे तुम्हाला जायचंय आणि तुम्ही जिथून आलात तिथे त्याला. दोघांनीही रस्त्याच्या एकाच बाजूला, वाहनांपासून दूर थांबावं. विचारायचं ते एवढंच: पाण्याशिवायचा सर्वांत लांब टप्पा कोणता, काल कुठे झोपलात, कुठली दुकानं बंद होती, कुत्र्यांचा त्रास कुठे झाला, कोण चांगलं भेटलं. शेवटचा प्रश्न विसरू नका. कुणाच्या अंगणात जागा मिळेल ते याच उत्तरातून कळतं. अमेरिकेत ऑरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटरच्या ट्रान्सअमेरिका मार्गावर किंवा युरोपातल्या युरोव्हेलो ६ सारख्या, अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या मार्गावर अशा भेटी रोज होतात. निर्जन रस्त्यावर आठवड्यात एखादीच होते, मग तिला सवडीने वेळ द्या.

कुत्र्यांचं इथेच सांगून टाकते. अंगावर येत असेल तर बहुतेक वेळा उतरून, सायकल मधे धरून, शांतपणे चालत जाणं कामी येतं. पळणाऱ्याच्या मागे ते धावतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. प्रवास तिथेच थांबवावा लागला तरी चालेल.

अनोळखी सायकलस्वाराची सोबत

आपल्याच दिशेने जाणारं कुणीतरी भेटतं आणि बोलता बोलता सोबत जायचं ठरतं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ‘बाइकसेंटेनिअल’ हा सामूहिक सायकलप्रवास झाला. त्या वेळी चार हजारांवर लोक ट्रान्सअमेरिका मार्गावर उतरले आणि त्यांतल्या कित्येकांनी आधी कधीही न भेटलेल्या माणसांच्या गटात प्रवास केला. अशी सोबत छान जमते, पण पहिल्या दहा मिनिटांत चार गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्या लागतात: आज किती जायचं, किती वेळाने थांबायचं, मागे-पुढे झालो तर कुठे भेटायचं आणि कुणालाही कधीही वेगळं व्हायची मुभा. यांतली शेवटची आधी बोलून ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. खर्च ज्याचा त्याने करावा, किंवा रोज संध्याकाळी तिथल्या तिथे मिटवावा.

चढावर प्रत्येकाने आपल्या गतीने जावं. दुसऱ्याच्या गतीने चढ चढणारा धापा टाकतो आणि दुसऱ्यासाठी हळू चढणारा चिडतो. माथ्यावर भेटायचं ठरवा. सपाटीला समोरून वारा असेल तेव्हा मात्र एकामागे एक जाण्याचा खरा फायदा होतो, आणि दर दोन-तीन किलोमीटरला पुढचा बदलला तर दोघांचंही ओझं हलकं होतं. अनोळखी माणसाच्या मागे जाताना निदान दीड-दोन सायकलींचं अंतर ठेवा. सामानाची सायकल थांबायला वेळ घेते, शिवाय पुढच्याची ब्रेक मारायची सवय आपल्याला ठाऊक नसते. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नका. चाकाला चाक लागलं की पुढचा बहुधा सावरतो आणि मागचा पडतो. खड्डा, थांबणं आणि मागून येणारं वाहन, या तीन गोष्टींचे इशारे निघतानाच ठरवा.

कितीही मैत्री झाली तरी आपला पंप, औषधं, पाणी आणि झोपायचं सामान आपल्याकडेच असू द्या. ‘तुझ्याकडे आहे म्हणून मी घेत नाही’ अशी वाटणी केली की वेगळं होणं अवघड होऊन बसतं. वेगळं व्हायची वेळ आली तर सकाळी, चहा-कॉफी घेताना सांगावं. दिवसभर धुसफुसून संध्याकाळी सांगण्यात दोघांचाही दिवस वाया जातो.

मुक्कामाची जागा विचारताना

सूर्यास्ताच्या दोन तास आधी शोध सुरू करा. हात पूर्ण लांब करून, बोटं आडवी धरून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजा. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. आठ बोटं उरली की आता जागा बघायची. डोंगराळ भागात ऊन लवकर जातं, तिथे आणखी आधी. विचारायला जाण्यापूर्वी काहीतरी खाऊन घ्या आणि बाटल्या भरून घ्या. भुकेल्या पोटी माणूस मिळेल त्या जागेला हो म्हणतो, आणि पाणी संपलेलं असलं की नाही म्हणायची हिंमत राहत नाही.

जो माणूस आधीच घराबाहेर आहे, अंगणात, शेतात किंवा दुकानात काहीतरी करतोय, त्याला विचारा. अंधारात बंद दार ठोठावणं टाळा. आतल्या माणसालाही आपली भीती वाटू शकते, हे आपण विसरतो. फाटकाबाहेर सायकलवरून उतरा, हेल्मेट-गॉगल काढा, दोन-तीन पावलांचं अंतर राखा. नमस्कार करा, कुठून कुठे चाललाय ते एका वाक्यात सांगा आणि विचारा, ‘आज रात्री तंबू लावायला इथे जवळपास सुरक्षित जागा कुठे मिळेल?’

हा प्रश्न असाच का विचारायचा ते सांगते. ‘तुमच्या अंगणात राहू का?’ असं विचारलं तर समोरच्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं आणि नाही म्हणणं त्याला जड जातं. जागेबद्दल सल्ला विचारला तर तो शाळेचं मैदान, नदीकाठ, शेजाऱ्याचं शेत असं काहीही सुचवू शकतो. ज्याच्या मनात असेल तो आपणहून ‘इथेच लावा की’ म्हणतो. मनापासून दिलेली जागा हवी असेल तर त्याला सुटकेची वाट ठेवावी. नकार आला तर कारण विचारू नका. आभार मानून लगेच निघा. पाणी भरून घ्यायचं असेल तर तेवढं मागा, ते सहसा कुणी नाकारत नाही.

काही देशांत परवानगीशिवाय तंबू लावायची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यानुसार लागवड नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, वस्ती असलेल्या घरापासून निदान १५० मीटर लांब तंबू लावता येतो आणि एकाच ठिकाणी साधारण दोन रात्रींपर्यंत राहता येतं. इतर कित्येक देशांत हेच बेकायदा आहे. जायच्या देशाचा नियम निघण्याआधी वाचून घ्या. मुभा असेल तिथेही, घर दिसत असेल तर जाऊन सांगावं, असं मला वाटतं. सांगितलेल्या तंबूत झोप चांगली लागते.

बोलावणं आलं तर

इथे घाई करायची नाही. बोलावणं आलं की हो किंवा नाही म्हणण्याआधी पाच-दहा मिनिटं गप्पा मारा आणि तेवढ्यात बघा. बोलावणारा इतरांसमोर मोकळेपणाने बोलावतोय का? घरात आणखी माणसं, मुलं, म्हातारी माणसं दिसतात का? तुम्ही ‘घरी कळवते’ म्हणून फोन काढल्यावर त्याला ते सहज वाटतं का? ज्याच्या मनात काही नाही त्याला याचं काहीच वाटत नाही. उलट तो स्वतःच फोनवर बोलायला तयार होतो.

काही लक्षणं दिसली की निघायचं. तो घाई करतोय. सायकल दुसरीकडे ठेवायला किंवा गाडीत टाकायला सांगतोय. पैसे आणि एकटेपणा याच दोन गोष्टींभोवती घुटमळतोय. प्यालेला आहे. बोलण्यातले तपशील बदलतायत. लोकवस्तीपासून लांब नेऊ पाहतोय. यांतलं एकही लक्षण नसलं, पण तरी मन कचरत असेल, तरी निघायचं. कारण सांगत बसायची गरज नाही. ‘माझ्या मैत्रिणीचा फोन आला, ती पुढे थांबलीय’ एवढं पुरतं. या एका वाक्यासाठी मला कधीच वाईट वाटत नाही. निर्णय होईपर्यंत बॅगा सायकलवरून उतरवू नका. बांधलेल्या सायकलवर बसून निघायला पाच सेकंद लागतात, पसरलेलं सामान गोळा करायला वीस मिनिटं.

एकटीने प्रवास करणाऱ्या बाईने शक्यतो बाईलाच विचारावं. अंगणात काम करणारी, मुलांसोबत असलेली बाई सापडेपर्यंत थांबलं तरी हरकत नाही. ती बहुधा आणखी दोघींना बोलावून आणते आणि मग तुमची जबाबदारी सगळ्या गल्लीची होते.

हो म्हटलं की विश्वासातल्या एका माणसाला जागेचं ठिकाण, यजमानाचं नाव आणि उद्या किती वाजता पुन्हा कळवणार ते पाठवा. पासपोर्ट, पैसे आणि फोन अंगावर ठेवा. आज कुठे आहोत ते समाजमाध्यमांवर त्याच दिवशी टाकू नका, दोन दिवसांनी टाका.

घरात

आत जाताच तीन गोष्टी सांगून टाका: सकाळी किती वाजता निघायचंय, काय खात नाही आणि किती लवकर झोप येते. हे आधी कळलं की यजमानाला रात्र आखता येते. खाण्याचं पथ्य जेवण वाढल्यावर सांगितलं तर रांधणाऱ्याचा जीव कानकोंडा होतो. सायकल कुठे ठेवायची, पादत्राणं कुठे काढायची, आंघोळीला पाणी किती वापरायचं, हे विचारून करा. पाण्याची टंचाई पाहुण्याला दिसत नसते. दिवसभराचा घाम आणि चेनचं काळं तेल अंगावर असतं, म्हणून स्वतःची चादर किंवा स्लीपिंग बॅग पसरूनच टेका. फोन, दिवे आणि पॉवर बँक चार्जिंगला लावायच्या आधीही विचारा. वीज काही घरांत मोजून वापरावी लागते.

मग फोन बाजूला ठेवा. यजमानाने तुम्हाला घरात घेतलं ते बहुतेकदा गोष्टी ऐकायला. पण तुमच्याच गोष्टींनी संध्याकाळ भरून टाकू नका. त्यांना त्यांच्या कामाबद्दल, या जागेबद्दल, मुलांबद्दल विचारा. भाषा येत नसेल तर घरच्यांचे दोन-चार छापील फोटो आणि कागदी नकाशा तासभर पुरतात. मुलांना सायकलची घंटा वाजवू द्या, गिअर बदलू द्या. भाजी चिरणं, भांडी विसळणं, पाणी आणणं, जे समोर चाललंय त्यात हात घाला. ‘काही मदत करू का?’ असं विचारलं की ‘नको, बसा’ हेच उत्तर येतं, म्हणून विचारण्यापेक्षा शेजारी जाऊन उभं राहावं.

पैशाचा प्रश्न नाजूक असतो. पैसे पुढे केल्याने काही जण दुखावतात, तर काही घरांत त्यांची खरी गरज असते. मी असं करते: येता येताच फळं किंवा मुलांसाठी काहीतरी घेते. यजमान राहण्याचा व्यवसायच करत असेल तर दर आधी विचारून तेवढे देते. घर ओढगस्तीचं दिसलं तर निघताना धान्य-किराण्यासारखी उपयोगाची वस्तू घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती देते. आग्रहाचं जेवण पोटाला झेपत नसेल तर पोटावर हात ठेवून थोडंच घ्या. पाण्याबद्दल शंका असेल तर आपल्या बाटलीतलं गाळलेलं किंवा उकळलेलं प्या, ते कुणाला खटकत नाही. बरं वाटत नसेल तर लपवू नका. रात्री दोनला उठवण्यापेक्षा आठलाच सांगितलेलं घरच्यांना परवडतं.

आणि वेळेवर झोपा. उद्या पुन्हा पाच तास पेडल मारायचं आहे. ‘आता डोळे मिटतायत’ असं हसून सांगितलेलं सगळ्यांना कळतं.

एका रात्रीसाठी आलो असू तर एकच रात्र राहावं. ‘आणखी एक दिवस राहा’ हा आग्रह दुसऱ्यांदा, सकाळी, घरातल्या सगळ्यांकडून झाला तरच थांबावं आणि मग तो दिवस त्यांच्या कामात घालवावा. पाऊस, ताप किंवा मोडलेली सायकल यांमुळे थांबावं लागलं तर ‘उद्या निघते’ असं मोघम न सांगता, कोणती गोष्ट झाली की निघणार ते सांगावं.

निघताना आणि नंतर

अंथरूण घडी करून, जागा झाडून, कचरा आपल्यासोबत घेऊन निघा. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा आणि तो कुठे लावणार तेही सांगा. पत्ता किंवा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. फोन हरवला तरी कागद राहतो. पुढच्या मुक्कामी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी ‘पोहोचले’ एवढा निरोप पाठवा. तुम्ही सुखरूप आहात का, हा घोर त्यांना लागलेला असतो. छापलेला फोटो पोस्टाने पाठवता आला तर फार उत्तम.

वॉर्मशॉवर्ससारख्या जाळ्यातून राहिलात तर आठवड्याच्या आत अभिप्राय लिहा: झोपायला काय होतं, सायकल आत ठेवता आली का, घर मुख्य मार्गापासून किती आत आहे. काही खटकलं असेल तर तेही स्पष्ट लिहा. पुढे येणारी एकटी सायकलस्वार तेच वाचून निर्णय घेणार असते. जे घर कुठल्याच जाळ्यात नाही, ज्यांनी सहज म्हणून हाक मारली, त्यांचं नाव, घराचा फोटो आणि नकाशावरची खूण मात्र सार्वजनिक करू नका. त्यांनी एका प्रवाशाला बोलावलं होतं. समोरून येणाऱ्या कुणा सायकलवाल्याने ‘चांगलं कोण भेटलं?’ असं विचारलं आणि यजमानानेही ‘आणखी कुणी आलं तर पाठवा’ असं सांगून ठेवलं असेल, तरच त्या घराची वाट तोंडी सांगावी.